बाळासाठी झुलणारं यंत्र, कॅमेरा, ऑक्सिजनचा मोजा की रात्रीला हाताशी माणूस?

ओटी भरून झाली की घरात खरेदीची यादी सुरू होते. पूर्वी तीत दुपटी, लंगोट, टोपडी, कुंची आणि पाळणा एवढंच असायचं. आता मोटरवर हलणारी झोळी आली, मोबाइलला जोडलेला कॅमेरा आला, ‘शुऽऽ’ करणारं यंत्र आलं आणि बाळाच्या पायात घालून ऑक्सिजन मोजणारा मोजाही आला. यातलं काही नाशिकच्या कॉलेज रोडच्या दुकानांत मिळतं, काही ऑनलाइन, आणि सगळ्यांत महागडं बहुधा परदेशातल्या दिराच्या किंवा भावाच्या बॅगेतून येतं. ओळखीतल्या मुली विचारतात, “ताई, यातलं काय घेऊ?”

मी दोनच गोष्टी बघते. पहिली, बाळ त्यात सुरक्षित आहे का. दुसरी, त्यामुळे बाळंतिणीला रात्री सलग चार-पाच तास झोप मिळणार आहे का. वस्तूवर ‘बाळ पटकन झोपतं’ असं लिहिलेलं असतं. आई झोपते का, हे कुणी लिहीत नाही. आणि ते फार महत्त्वाचं आहे. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला होता. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं, म्हणजे पाच जणींत एकीहून जास्त. कारणं अनेक असतात: आधीचा आजार, घरातला जाच, पैशाची चणचण, ‘मुलगाच हवा’चा दबाव. पण रोज रात्री तुकड्या-तुकड्यांत मिळणारी झोप या सगळ्याला खतपाणी घालते, आणि त्यातल्या त्यात लवकर हात घालता येईल अशी गोष्ट तीच आहे.

एक आधीच सांगते. नवजात बाळ दर दोन-तीन तासांनी उठतं ते भुकेने. दिवस-रात्र कळायला त्याला दोन ते चार महिने लागतात. तेव्हा रात्रीचं पाजणं कुठलंही यंत्र टाळू शकत नाही, आणि टाळूही नये.

हलवणारी यंत्रं

या जातीतलं सगळ्यांत गाजलेलं म्हणजे ‘स्नू’. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हार्वी कार्प यांच्या कंपनीने ते २०१६ मध्ये आणलं. बाळाला पाठीवर ठेवून एका पिशवीत घालतात, पिशवी दोन्ही बाजूंनी पाळण्याला अडकवतात. बाळ रडलं की यंत्र ते ऐकतं आणि झोके व आवाज टप्प्याटप्प्याने वाढवतं. तरीही रडू थांबलं नाही तर काही मिनिटांत बंद पडतं, म्हणजे आता माणसाने उठायचं. बाळ पाठीवरच राहतं या मुद्द्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, २०२३ मध्ये त्याला परवानगी दिली. गादी सपाट आणि कडक असते, ही त्याची खरी जमेची बाजू. किंमत तिकडे १,६९५ डॉलर, आपल्या हिशेबाने दीड लाखाच्या आसपास, आणि वापर फार तर सहा महिने. बिघडलं तर इथे दुरुस्त कोण करणार, हे घेण्याआधी विचारून ठेवा. जूनच्या पहिल्या वादळी पावसात आपल्याकडे वीज कशी जाते हे नाशिककरांना सांगायला नको.

त्याच्या शेजारी ठेवायची ती आपली मोटरवाली झोळी: स्टँड, स्प्रिंग, मोटर आणि कापडाची पिशवी. काही हजारांत मिळते, म्हणून तिची खरेदी जास्त होते. मेन रोडच्या एका दुकानात मी ती नीट पाहिली. दुकानदाराने आत बाहुली ठेवून बटण दाबलं. तिसऱ्या-चौथ्या झोक्याला बाहुली घसरून मधल्या खोलगट भागात आली, पाठीची कमान झाली आणि हनुवटी छातीला टेकली. बाहुलीला श्वास घ्यायचा नसतो. मान न धरलेल्या बाळाची हनुवटी अशी टेकली की श्वासाची वाट अरुंद होते, आणि त्याला मान स्वतः वर करता येत नाही. अमेरिकेत असंच कलतं झोपवणारे सुमारे ४७ लाख ‘रॉक अँड प्ले’ फिशर-प्राइस कंपनीला बाळं दगावल्यानंतर २०१९ मध्ये परत घ्यावे लागले. २०२२ मध्ये तिथे दहा अंशांपेक्षा जास्त कलणाऱ्या झोपण्याच्या साधनांवर कायद्यानेच बंदी आली.

“आमची सगळी पोरं झोळीतच वाढली,” असं आजी म्हणतील, आणि ते खरंही आहे. पण साडीच्या त्या झोळीची दोरी आजींच्या हातात असायची. भाजी निवडता निवडता त्यांचं लक्ष बाळाच्या तोंडाकडे असायचं, मान वाकडी झाली की त्या उठायच्या. मोटर फक्त हलवते, बघत नाही. दिवसा कुणी समोर बसलेलं असताना झोळी हलवायला माझी ना नाही. रात्री, सगळे झोपलेले असताना, मोटरवरची झोळी मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही. आईच्या पलंगाला लागून सपाट, कडक गादीचा साधा लाकडी पाळणा, आत उशी नाही, लोड नाही, जाड गोधडी नाही, हे रात्रीसाठी दीड लाखाच्या यंत्राइतकंच सुरक्षित आहे. दुपट्यात गुंडाळत असाल तर बाळ कुशीवर वळायला लागलं की ते बंद.

लक्ष ठेवणारी यंत्रं

इथे माझं मत जास्त ठाम आहे, कारण आईच्या मनाला या यंत्रांचा धोका मला हलवणाऱ्या यंत्रांपेक्षा जास्त वाटतो.

ऑक्सिजन मोजणाऱ्या मोज्यांत ‘औलेट’चं नाव मोठं. २०२१ मध्ये एफडीएने या कंपनीला ताकीद दिली की वैद्यकीय उपकरणाची परवानगी न घेता हे विकताय. कंपनीने विक्री थांबवली, सुधारित मोज्याला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये रीतसर परवानगी मिळाली. पण परवानगी मिळाली म्हणजे झोपेतला अचानक मृत्यू टळतो असं नव्हे. तो टाळण्यासाठी अशा घरगुती यंत्रांवर विसंबू नका, असं अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे. निरोगी बाळाचाही ऑक्सिजन झोपेत क्षणभर खाली-वर होतो, मोजा निसटतो, पाय गार पडतो आणि रात्री दोनला अलार्म वाजतो. आधीच धास्तावलेली आई त्यानंतर पहाटेपर्यंत डोळा लावत नाही. दिवस भरायच्या आत झालेल्या बाळाला डॉक्टरांनीच घरी मॉनिटर दिला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांचं ऐका.

कॅमेरा दोन-तीन हजारांतही येतो, आणि तो कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं. पाथर्डी फाट्याजवळ राहणारी माझी मावसबहीण बाळ हाताच्या अंतरावर झोपलेलं असताना, अंधारात, पांघरुणाखाली मोबाइलचा उजेड कमी करून कॅमेऱ्यात त्याची छाती हलते का ते बघत बसायची. चित्र मोठं करायची, श्वास मोजायची, मोबाइल ठेवायची आणि पुन्हा उचलायची. त्या कॅमेऱ्याने तिची काळजी कमी केली नाही, काळजीला करायला काम दिलं. तोच कॅमेरा नंतर तिच्या सासूबाईंकडे गेला, ती आतल्या खोलीत दार लावून झोपू लागली, तेव्हा तो उपयोगी पडला. घेतलात तर पासवर्ड पहिल्या दिवशी बदला आणि रात्री आईच्या मोबाइलमधून ॲप काढून टाका.

‘शुऽऽ’च्या यंत्राबद्दल थोडक्यात: चालेल, पण लांबून. २०१४ मध्ये अशी १४ यंत्रं तपासली तेव्हा काहींचा आवाज जवळून ८५ डेसिबलच्या वर गेला. नवजात कक्षासाठी सांगितलेली मर्यादा ५० आहे. पाळण्यापासून सहा-सात फूट दूर, आवाज बारीक. जुना मोबाइलही हे काम फुकटात करतो.

माणूस

आता याच पैशात माणूस ठेवून बघा. न्हाऊ घालणारी बाई सकाळी येऊन जाते, पण रात्र तशीच राहते. सव्वा महिना, जमलं तर दोन महिने, रात्री थांबणारी बाई मिळाली तर मी यंत्राचे पैसे तिच्यावर घालीन. तिला काम एवढंच: बाळ उठलं की आईजवळ आणून द्यायचं, पाजून झालं की ढेकर काढायचा, लंगोट बदलायचा आणि पाठीवर झोपवायचं. आईला उठून दिवा लावावा लागला नाही तरी पुष्कळ फरक पडतो. अंगावरचं दूध नीट सुरू झालं की एका वेळचं दूध काढून ठेवता येतं. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते बाहेर न ठेवता सरळ फ्रिजमध्ये, आणि पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं. मग आईला एक सलग झोप मिळते.

बाई परवडत नसेल तर घरात पाळ्या लावा. रात्री दहा ते दोन बाळाचे वडील, पहाटे पाचपासून आजी. सातपूर-अंबडला तिसरी पाळी करणारा नवरा रात्री घरी नसतो, पण सकाळी आल्यावर दोन तास बाळाला छातीशी धरून तो बायकोला झोपू देऊ शकतो. आणि माहेर निफाड-सिन्नरकडे असेल, बाळंतपण थंडीत असेल, तर शेकाची शेगडी बंद खोलीत रात्रभर ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

एक खूण मात्र यातल्या कुठल्याही खरेदीच्या आधी बघा. बाळ शांत झोपलंय, दुसरं माणूस त्याच्याजवळ आहे आणि तरीही आईला झोप लागत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी, धास्ती, ‘मी चांगली आई नाही’ हे चालूच राहिलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीबद्दल विचारा. दहाच प्रश्न असतात, १९८७ पासून जगभर वापरतात. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. कोणती ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फुकट फोनसेवा १४४१६ वर दिवसरात्र असते आणि मराठीत बोलते. बाळंतीण रात्र रात्र जागूनही थकत नसेल, भलतेसलते संशय घेत असेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करायचं बोलत असेल तर थांबू नका. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, आणि त्याच रात्री जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

रात्री उठणारं दुसरं माणूस खरोखरच नसेल, नवरा परगावी आणि दोन्हीकडच्या आज्या थकलेल्या असतील, आणि पैशाची चणचण नसेल, तरच सपाट गादीच्या झुलत्या यंत्राचा विचार करा. तेही नातेवाइकाकडून वापरलेलं मिळालं तर आधी पिशवी, पट्टे आणि मोटर तपासून घ्या. बाकी सगळ्यांनी साधा पाळणा घ्यावा आणि उरलेल्या पैशातून रात्रीची बाई सातव्या महिन्यातच बोलून ठेवावी, कारण चांगल्या बाया शेवटच्या क्षणी मिळत नाहीत.