जागेपणी ‘एक्मो’वर सहा दिवस: मुंबईतील एका हृदय अतिदक्षता विभागाचा अनुभव

गुहागरजवळच्या आमच्या गावातून धाकट्या भावाला आधी चिपळूणला आणि तेथून त्याच रात्री महामार्गाने मुंबईला न्यावे लागले. विषाणूसंसर्गानंतर हृदयाच्या स्नायूला तीव्र सूज आली होती. दोन औषधे चालू असूनही रक्तदाब टिकत नव्हता आणि लघवी जवळजवळ थांबली होती. त्याला ज्या विभागात ‘एक्मो’वर, म्हणजे हृदय आणि फुफ्फुसांचे काम काही काळ शरीराबाहेरून करणाऱ्या यंत्रावर ठेवले, त्या विभागाच्या सेवेविषयी लिहिते आहे, कारण किनारपट्टीवरच्या कुटुंबांना हा निर्णय बहुधा परक्या शहरात आणि मध्यरात्रीच घ्यावा लागतो.

विभागाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्यांनी भावाला बेशुद्ध केले नाही. मांडीच्या शिरेतून रक्त बाहेर घेऊन, पंप व रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या ऑक्सिजनेटरमधून फिरवून मांडीच्याच धमनीतून परत सोडणारे हे यंत्र मिनिटाला सुमारे चार लिटर रक्त वाहते ठेवत होते, आणि त्याच्या नळ्या बसवण्यासाठी फक्त जागा बधिर करून थोडे गुंगीचे औषध दिले होते. पूर्ण भूल दिली तर ढासळलेला रक्तदाब आणखी कोसळू शकतो, आणि व्हेंटिलेटरवर फुफ्फुसाच्या संसर्गाचा व स्नायूंच्या झिजेचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले. तिसऱ्या दिवशी भावाने स्वतःच्या हाताने पेज घेतली.

जागे असण्याचा खरा उपयोग त्याच्या आदल्या रात्री कळला होता. “पाय गार पडलाय, बोटं बधिर झाल्येत,” असे त्यानेच परिचारिकेला सांगितले. धमनीतल्या जाड नळीमुळे खालच्या पायाचा रक्तपुरवठा अडू नये म्हणून बसवलेली बारीक नळी मुडपली होती. एक्मो यंत्र सांभाळणारे तंत्रज्ञ (परफ्युजनिस्ट) लगेच आले, नळी सरळ झाली आणि डॉपलर या तपासणी यंत्रावर रक्ताचा प्रवाह पुन्हा ऐकू आला. परिचारिका दर तासाला पाय तपासत होत्याच, परंतु त्या दोन तपासण्यांच्या मधला वेळ भावाच्या शब्दांनी वाचवला.

संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी त्यांनी प्रतिकूल माहितीही दिली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलू न शकलेल्या, सुमारे ४२० रुग्णांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक्मोमुळे तीस दिवसांतील मृत्यू कमी झाले नव्हते, उलट मोठे रक्तस्राव आणि पायाच्या गुंतागुंती वाढल्या होत्या. आमच्या रुग्णाचे कारण वेगळे आहे आणि हृदयस्नायूच्या अशा सुजेत हृदय काही दिवसांत सावरू शकते, म्हणून आम्ही हा मार्ग सुचवतो, असे त्यांनी स्पष्ट केले. त्या रात्री मला सर्वांत अधिक विश्वास या बोलण्यामुळे वाटला.

तक्रार भेटीच्या नियमाविषयी आहे. बेशुद्ध रुग्णांसाठी केलेला, दिवसातून दोनदा दहा मिनिटांचा नियमच त्यालाही लावला. पाय सरळ ठेवून पडलेला, स्वतःचे रक्त नळीतून फिरताना पाहणारा आणि प्रत्येक अलार्म ऐकणारा माणूस रात्रभर एकटा घाबरून जागा राहत होता, आणि आम्ही जिन्याखाली सतरंजीवर बसून होतो. नळ्या निघाल्या त्या सहाव्या दिवशी त्याचा पहिला प्रश्न “ताई, तू कुठं होतीस?” हाच होता. जागा असलेल्या रुग्णाजवळ रात्री घरचे एक माणूस बसू द्यावे, अशी लेखी विनंती मी विभागप्रमुखांकडे दिली आहे.