जाड मुठीचा पीलर : पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत रोज वापरल्यावर

मी घरून डबे देते. बटाटा, दुधी, गाजर, लाल भोपळा, रोज काहीतरी सोलायचं असतंच आणि तेही किलोंनी. उन्हाळ्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. तिथला सांधा झिजतोय, असं डॉक्टर म्हणाले. फिजिओथेरपीच्या ताईंनी मात्र आधी विचारलं, "भाजी कशाने सोलता?" पत्र्याची पट्टी वाकवून केलेला पीलर मी त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी समजावलं, की असली बारीक वस्तू चिमटीत आवळून धरली की अंगठ्याच्या टोकापेक्षा कित्येक पट जास्त भार त्याच्या मुळाशी येतो. त्या आठवड्यात जाड रबरी मुठीचा, हलत्या पात्याचा पीलर घेतला.

या घाटाचा मूळ पीलर अमेरिकेतला. सॅम फार्बर यांचा जन्म स्वयंपाकाच्या भांड्यांच्या धंद्यात गेलेला. पत्नी बेट्सी यांच्या हातांना संधिवात होता आणि फ्रान्समध्ये सुटीवर असताना साधा पीलर धरणं त्यांना जड जात होतं. त्यातून न्यूयॉर्कच्या 'स्मार्ट डिझाइन' या संस्थेसोबत काम झालं आणि १९९० मध्ये फार्बर यांच्या 'ऑक्सो' या कंपनीची 'गुड ग्रिप्स' ही स्वयंपाकघरातली अवजारं बाजारात आली. काळी, लंबगोल, जाड मूठ, रबरासारख्या मऊ सँटोप्रीनची. बोटं टेकतात तिथे दोन्ही बाजूंना पातळ पाकळ्या, दाबलं की वाकणाऱ्या. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते, की ती अवजारं 'आजाऱ्यांसाठी' म्हणून वेगळी काढून ठेवली नाहीत. दुखऱ्या हाताला सोपं जाणारं धडधाकट हातालाही आवडतं, हे त्यांनी ओळखलं. माझा पीलर ऑक्सोचा नाही, त्याच धर्तीचा दुसरा आहे.

फरक पहिल्या दिवसापासून कळला. मूठ लंबगोल असल्यामुळे हातात फिरत नाही, त्यामुळे ती आवळून धरावी लागत नाही. तळहातात नुसती टेकवली तरी काम होतं. बटाटे पाण्यातून काढून ओल्या हाताने सोलले तरी निसटत नाही. दुधी, गाजर, काकडी यांना उत्तम. पातं दोन्ही बाजूंनी चालतं, म्हणून डावखुऱ्या जाऊबाईही तोच वापरतात. लाल भोपळ्याच्या फोडी लहान केल्या तरच सोलतो. सुरणाला विळीच हवी, आल्याला चमचा.

दुखणं गेलेलं नाही. पोळ्या लाटताना अजून ठणकतं. पण पूर्वी बटाटे सोलता सोलता मध्येच हात झटकत बसावं लागायचं, ते थांबलं.

आता तक्रार. मुठीच्या पाकळ्यांमध्ये सालीचे कण आणि पीठ अडकतं, जुन्या टूथब्रशने घासावं लागतं. ते चालेल. खरी अडचण पात्याची आहे. दसऱ्याच्या सुमाराला धार उतरली आणि अंगठा पुन्हा दुखायला लागला, मूठ तीच असताना. बोथट पात्याने साल निघत नाही, मग आपण नकळत जोर लावतो, आणि जोर लावला की मूठ आवळली जातेच. म्हणजे निम्मा आराम धारेचा होता. माझ्या पीलरचं पातं काढता येत नाही, त्याला धार लावायला आमच्या बाजारातला धारवालाही तयार झाला नाही. मूठ अजून नव्यासारखी आहे आणि तरी पीलर टाकून द्यावा लागणार. हाताचा इतका बारीक विचार करणाऱ्याने पात्याचाही करायला हवा होता, हे मला मनापासून वाटतं.

डब्यांचं काम करणाऱ्या किंवा घरात संधिवाताचं माणूस असणाऱ्या कुणालाही मी जाड मुठीचाच पीलर घ्या म्हणेन. घेताना मूठ मुठीत धरून बघा, बोटांची टोकं तळहातात रुतत असतील तर ती अजून बारीक आहे. आणि पातं बदलता येतं का, हे दुकानदाराला विचारा. दिवाळीचा फराळ आटोपला की मी तसाच शोधायला निघणार आहे.