पत्ता पैसे भरल्यावर मिळेल

“लोकेशन फुल पेमेंट झाल्यावर पाठवतो, मॅडम. गेस्टच्या प्रायव्हसीसाठी आधी देत नाही.” असा मेसेज आला आणि पैसे थेट समोरच्याच्या खात्यात मागितले, तर तिथेच थांबा. त्यानंतर कितीही सुंदर फोटो येऊ देत.

मैत्रिणीला आणि मला प्रवास नको होता. शनिवारी सकाळी बॅग उचलायची, आपल्याच शहरातल्या झाडीत दडलेल्या एखाद्या बंगल्यात जायचं आणि रविवारी संध्याकाळी घरी. हल्ली याला स्टेकेशन म्हणतात. तिला सोशल मीडियावर जाहिरात दिसली. शहराच्या मधोमध असूनही बाहेरून कुणाला मागमूस लागणार नाही अशी जागा, मागे छोटं तळं, भिंतभर पुस्तकं, एका वेळी एकच बुकिंग. जागेचं नावही झकास होतं, ते मानलं पाहिजे.

खोटे फोटो कुणीही लावतो. जाहिरात देणाऱ्या या माणसाचं कसब वेगळंच होतं. आम्हाला जो एकांत हवा होता, तोच त्याने प्रत्येक प्रश्नाला उत्तर म्हणून पुढे केला. नकाशावर जागा का दिसत नाही? मुद्दाम टाकलेली नाही, मग गर्दी होते. रिव्ह्यू इतके कमी का? आमचे गेस्ट गाजावाजा करणारे नसतात. आधी येऊन बघू का? आत्ता दुसरे लोक राहतायत, त्यांना त्रास नको. एरवी या प्रत्येक उत्तराने संशय वाढला असता. इथे प्रत्येक उत्तराने जागा अजूनच हवीहवीशी वाटायला लागली.

पत्त्याबद्दल मैत्रिणीने हटकलं तेव्हा तो म्हणाला, “मोठ्या बुकिंग साइटसुद्धा आधी पत्ता देत नाहीत.” हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त घातक. एअरबीएनबीसारख्या साइटवरही नेमका पत्ता बहुतेकदा बुकिंग पक्कं झाल्यावरच कळतो. पण तिथे पैसे साइटकडे असतात आणि घरमालकाला ते साधारणपणे पाहुणे पोचल्यानंतर 24 तासांनी सोडले जातात. इथे मध्ये कुणीच नव्हतं. त्यामुळे साइटवर जागा आवडली आणि मालक म्हणाला, “बाहेरून थेट पैसे द्या, डिस्काउंट देतो,” तरी तोच धोका. साइट सोडलीत की तिचं संरक्षणही गेलं.

त्यांच्या वेबसाइटवर कार्डने पैसे भरायचं बटण होतं, पण ते “मेंटेनन्समध्ये”. म्हणून बँक ट्रान्सफर. खातं एका भलत्याच व्यक्तीच्या नावावर, तर म्हणे, “आमचे पार्टनर आहेत.” आधी तारीख धरून ठेवायला निम्मे पैसे, मग उरलेले, आणि निघायच्या आदल्या रात्री डिपॉझिट, “चेकआउटला लगेच परत”. आम्ही व्हिडिओ कॉल मागितला तेव्हा त्याने आधीच काढलेला एक व्हिडिओ पाठवला. व्हिडिओ खरा होता, फक्त त्याचा नव्हता. तयार व्हिडिओ कुणीही कुठूनही उतरवून घेतो. मागायचं असेल तर असं मागा: आत्ता कॉल लावा, रस्त्यावरून गेटमधून आत चालत या, वाटेत मी सांगेन तो दरवाजा उघडा. खऱ्या मालकाला यात काही अवघड नाही.

सगळे पैसे गेल्यावर लोकेशन आलं. शनिवारी तिथे पोचलो तर उंच कंपाउंड, आत झाडी, गेटवर पाटी नाही. सगळं सांगितल्यासारखंच. वॉचमनने बॅगांकडे पाहिलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाला, “बुकिंगवाले ना ताई? इथे तसलं काही नाही. याआधीही लोक येऊन गेलेत.” आतून एक आजोबा आले. ते घर त्यांचं, राहतं. अनोळखी माणसं बॅगा घेऊन बेल वाजवतात याचा त्यांना वैताग आला होता आणि त्यांनी पोलिसांत अर्जही दिला होता. आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार सौम्यपणे बोलले.

मी फोन लावत होते. मैत्रीण फुटपाथच्या कठड्यावर बसून फोटो मोठे करून बघत होती. “अगं, ही पुस्तकं बघ.” कपाटातल्या पुस्तकांवरची अक्षरं उलटी होती. आरशात दिसतात तशी. फोटो डावं-उजवं उलटवून लावला होता. असा उलटवलेला फोटो इमेज सर्चमधून काही वेळा निसटतो, आणि तिने आधी शोधलं तेव्हा काहीच सापडलं नव्हतं ते त्यामुळेच. तिने फोनच्या एडिटमध्ये तो परत सरळ केला, शोधला, आणि परदेशातल्या एका आर्किटेक्टच्या वेबसाइटवर ते घर निघालं. तळं, पुस्तकं, सगळं. तो व्हिडिओही तिथलाच. म्हणजे फोटोतलं घर एका देशात, लोकेशनवरचं घर दुसऱ्याच कुणाचं आणि खातं तिसऱ्याच्या नावावर.

त्याने फोन उचलला, हे अजूनही नवल वाटतं. आवाजात घाई नाही, उलट काळजी. “सॉरी मॅडम, डबल बुकिंग झालं वाटतं. लगेच रिफंड करतो.” पाठोपाठ क्यूआर कोड आला, तो स्कॅन करून पिन टाकायचा. खरा दुसरा घाव हा. पिन टाकला की खात्यातून पैसे जातात. येणाऱ्या पैशांना पिन लागत नाही, ओटीपीही नाही. मैत्रिणीने माझ्या हातातून फोनच काढून घेतला. स्कॅन होत नाही म्हटल्यावर त्याने चॅटमधले स्वतःचे मेसेज एकेक करून पुसायला सुरुवात केली. स्क्रीनशॉट घ्यायचे ते अशा वेळी नव्हे, पहिल्या दिवसापासून घ्यावेत. अकाउंट नंबर, ट्रान्सफरचा रेफरन्स नंबर, प्रोफाइलचा फोटो, जाहिरात, सगळं.

बँकेला फोन गेटसमोरूनच केला. इथे मिनिटं मोजली जातात. असे पैसे ज्या खात्यात जातात ते बऱ्याचदा भाड्याने घेतलेलं असतं आणि तिथून रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. पांगण्याआधी गोठवली तरच हाती लागते. डिपॉझिट आदल्याच रात्री गेलं होतं, ते अडकलं. आधीचे दोन्ही हप्ते गेले ते गेलेच. कार्डने भरले असते तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत, मागता आला असता. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत सेवा मिळालीच नाही अशा तक्रारीला साधारण 120 दिवसांची मुदत असते, मात्र बँक तिच्या आत अर्ज मागते. ते कार्डाचं बटण कायम बंद का होतं, याचं उत्तर यातच आहे.

वेबसाइटबद्दलही थोडं. तिच्यावर लिहिलं होतं की हे लोक कित्येक वर्षं पाहुणचार करतायत. आयकॅन ही इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणारी संस्था. तिच्या लुकअप पानावर डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, नाव टाकलं की बहुतेक वेळा नोंदणीची तारीख दिसते. यांचं डोमेन जाहिरातीच्या जेमतेम आधी घेतलेलं होतं. ॲड्रेस बारमधल्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. तुमची आणि साइटची देवाणघेवाण वाटेत कुणी वाचत नाही, एवढंच ते सांगतं. साइट चालवणारा कसा आहे, हे नाही. ते कुलूप ज्यामुळे दिसतं ती सुरक्षा प्रमाणपत्रं लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था 2015 पासून फुकट देते, भामट्यालाही मिळतात.

सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, आजोबांच्या अर्जाचा संदर्भही त्यात टाकला. मी हा प्रकार सगळीकडे लिहिल्यावर एकाचा मेसेज आला, “तुमचे पैसे काढून देतो, फक्त आधी फी भरा.” फसलेल्यांना हुडकून पुन्हा फसवणारी ही वेगळीच जमात. त्याला उत्तर न देता ब्लॉक केलं आणि तो नंबरही तक्रारीत जोडला.

मैत्रिणीने गेल्या आठवड्यात पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तेच तळं दुसऱ्या नावाने पुन्हा दिसतंय. फोटोवर संध्याकाळचा रंग चढवलाय, कॉमेंट बंद आहेत. जाहिरात आम्ही रिपोर्ट केली आहे, पण नाव परत बदलेल. तळ्याच्या डाव्या काठावर एकच दगडी बाक आणि मागे काचेची अख्खी भिंत, असा फोटो तुमच्यासमोर आला तर तुम्हीही रिपोर्ट करा आणि अकाउंट नंबर मिळाला असेल तर सायबर पोलिसांना कळवा. त्या खात्यात कुणाचे पैसे अजून शिल्लक असतील तर तेवढे तरी गोठवता येतील.