डॅशबोर्डवरचे ६,१२० रुपये

कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत मी अठरा वर्षं कॅशियर आहे. खोटी नोट बोटांना कळते, व्हाउचरवरची खाडाखोड लांबून दिसते. हे आधीच सांगून टाकते, कारण "तुम्ही कशा काय फसलात?" हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरच्याला ती तसदी देत नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर आमच्या वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी नवं संकेतस्थळ, स्वतःचं पान उघडा, लेख टाका, दर हजार वाचनांमागे ४० रुपये घ्या. संकेतस्थळाचं नाव इथे देत नाही. वकीलबाईंनी नको म्हटलंय, आणि तसंही ते नाव आता राहिलेलं नाही, त्याच मंडळींनी दुसरं लावलंय.

मी कधीमधी दिवाळी अंकांना लिहिते. मानधन म्हणाल तर एकदा ३०० रुपयांचा चेक आणि बाकी वेळा अंकाची एक प्रत, तीही मागून घ्यावी लागलेली. त्यामुळे हजारामागे ४० हा आकडा फार वाटला नाही, उलट रास्त वाटला. लाखाची लालूच दाखवली असती तर मी तिथेच सावध झाले असते.

पहिला लेख टाकला तो गुऱ्हाळावर. माझं माहेर पन्हाळा तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ होतं. रसाला उकळी फुटली की भेंडीच्या खोडाचा चिकट रस काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, सोडायचा, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. काकवी साधारण १०५ अंशांना उतरते, गूळ ११८ च्या आसपास. हे आकडे मला पुस्तकातून कळले, आप्पांनी थर्मामीटर जन्मात धरला नाही. हात पाण्यात बुडवून चिमूटभर पाक उचलायचा, पाण्यात त्याची गोळी वळायची आणि डब्याच्या पत्र्यावर मारायची. टप्प वाजली की काहील उतरवा. एका हंगामात गडबडीत हात ओला करायचा राहिला आणि बोटाचं पेर भाजलं. लेखात मी एक वाक्य लिहिलं होतं, "आप्पांच्या अनामिकेवर गुळाच्या रंगाचा एक डाग आहे." हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

लेख टाकला की आपल्या पानावर दोन आकडे दिसायचे, 'वाचने' आणि 'जमा रक्कम'. सकाळी उठल्यावर देवाला दिवा लावायच्या आधी मी तो डॅशबोर्ड बघायची. आकडा रोज थोडा थोडा वाढायचा, कधी १२ रुपये, कधी ३१. गुऱ्हाळाच्या लेखाला ३८ हजार वाचने आणि प्रतिक्रिया किती? तीन. तिन्ही "खूप छान माहिती". अडतीस हजार कोल्हापूरकरांनी गुळावरचा लेख वाचला आणि एकानंही "आमच्याकडे असं करत नाहीत" म्हणून वाद घातला नाही? मला तिथेच कळायला हवं होतं. पण आपल्याला लोक वाचतायत म्हटल्यावर शंका घ्यायला कोण बसतो.

चार महिन्यांत ४१ लेख टाकले. रात्री साडेदहाला भांडी आवरली की बसायची.

नियम होता की २,००० रुपये जमले की पैसे काढता येतात. माझे १,९४० झाले त्या आठवड्यात मर्यादा ५,००० झाली. "मॅडम, नवीन आर्थिक धोरण आहे." तेही पार केलं. मग ओळख पडताळणीचे ४९९. मग कळलं की थेट बँक खात्यात पैसे फक्त 'सुवर्ण लेखकां'ना जातात, बाकीच्यांना कूपन मिळतं. सुवर्ण होण्याचे १,४९९. भरले. तोपर्यंत डॅशबोर्डवर ६,१२० दिसत होते, आणि त्या आकड्यापुढे दोन हजार म्हणजे प्रवासखर्च वाटत होता.

त्यानंतर त्यांनी टीडीएस मागितला. दहा टक्के, ६१२ रुपये, आधी भरा म्हणजे रक्कम मोकळी होईल.

इथे मला स्वतःची खरोखर लाज वाटते. आमच्या संस्थेत ऑडिटरची फी देताना टीडीएस आम्ही कापतो आणि सरकारात भरतो, तो त्यांच्या नावावर आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो. ऑडिटर साहेब आधी काउंटरवर येऊन आम्हाला दहा टक्के देऊन जात नाहीत. देणाऱ्यानं कापायचा कर घेणाऱ्याकडून आगाऊ मागणं म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तरीही मी क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि ६१२ पाठवले. पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन लागतच नाही, तो पैसे जाताना लागतो, हेही मी काउंटरवर म्हाताऱ्या खातेदारांना शंभरदा सांगितलेलं आहे.

पुढचा मेसेज जीएसटीचा. अठरा टक्के, १,१०२ रुपये. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे नोंदणीसुद्धा लागत नाही. तिथे मी थांबले. "आधी माझे पैसे द्या, त्यातून काय ते कापून घ्या," असं लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर लाल पट्टी, 'आपले खाते स्थगित करण्यात आले आहे. कारण : आपले लेखन अन्यत्र पूर्वप्रकाशित आढळले.'

म्हणजे मी चोर!

हिशेबाला २,६१० रुपये गेले होते. कुणी विचारलं तर सांगायला लाजावं इतकी लहान रक्कम, आणि ती मुद्दाम तेवढीच ठेवलेली असते. एवढ्याशासाठी पोलीस ठाण्याची पायरी कोण चढतो? मीही गप्प बसले.

तीन आठवड्यांनी पुण्याहून भाचीनं यूट्यूबची एक लिंक पाठवली. "आत्या, हे तुझं वाटतंय का बघ." पडद्यावर उसाचे कुठलेतरी फोटो सरकत होते आणि मागे मशीनचा आवाज लेख वाचत होता. चुलवाणातला, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीतला, 'च' चंद्रातल्या 'च'सारखा उच्चारत होता, आमच्याकडे कुणी असं म्हटलं तर पोरंसुद्धा हसतील. चौथ्या मिनिटाला तो आवाज म्हणाला, "आमच्या आजोबांच्या अनामिकेवर गुळाच्या रंगाचा एक डाग आहे."

पैसे गेले तेव्हा मी रडले नव्हते.

व्हिडिओखाली एका दुसऱ्या संकेतस्थळाचा पत्ता होता. तिथे माझे ४१ च्या ४१ लेख होते, खाली नाव 'संपादकीय विभाग' आणि प्रत्येक लेखाच्या आजूबाजूला जाहिराती. गुऱ्हाळाच्या लेखावर तारीख होती मार्च २०२१, माझ्या तारखेच्या अडीच वर्षं आधीची. 'पूर्वप्रकाशित' म्हणजे हेच. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की माझे अडीच हजार ही त्यांची वरकमाई होती. त्यांना माल हवा होता, स्वतःच्या अनुभवातून लिहिलेला, दुसरीकडे कुठेही नसलेला मराठी मजकूर. डॅशबोर्डवरचे वाढते रुपये म्हणजे मला रोज रात्री लिहायला बसवणारा मुकादम होता.

पानावरची तारीख हवी ती टाइप करता येते. पण संकेतस्थळाचा पत्ता कधी विकत घेतला त्याची नोंद वेगळीकडे असते, तिला हू-इज म्हणतात. भाचीनं तिथे शोधलं, तर ते नाव नोंदवलं गेलं होतं ऑगस्ट २०२३ मध्ये. ज्या घराचा पायाच २०२३ मध्ये खणला, त्या घरात २०२१ चं बारसं कसं झालं? माझ्याकडे पुरावा म्हणून होत्या त्या ईमेल. लेख लिहिला की शुद्धलेखन तपासायला मी तो आधी भाचीला पाठवायची. सवयीनं पाठवायची, पण त्यावर तारीख आणि वेळ दोन्ही होतं. ज्यांना अशी भाची नाही त्यांनी स्वतःलाच ईमेल करावा. लेख प्रसिद्ध झाल्यावर वेबॅक मशीनवर, म्हणजे इंटरनेटवरची पानं तारखेसकट जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, त्या पानाची नोंद करून ठेवावी, फुकट आहे.

वकीलबाईंकडे गेले. त्यांनी आधी मला त्या संकेतस्थळाच्या अटी मोठ्यानं वाचायला लावल्या, ज्यांच्याखाली मी 'मान्य' दाबलं होतं. कायमस्वरूपी, जगभरासाठी, विनामोबदला, तिसऱ्याला देता येईल असा परवाना. बाई म्हणाल्या, हे शब्द उगीच नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखनाचे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून हे लोक 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' आधीच लिहून ठेवतात. नुसतं 'मान्य' दाबणं ही सही होते का, यावर त्या भांडायला तयार होत्या. पण त्यांचा जोर कलम ५७ वर होता. हक्क विकले तरी हे लेखन माझं आहे असं सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. माझं नाव पुसून 'संपादकीय विभाग' लावणं कुठल्या परवान्यात बसत नाही. नोंदणी केली नव्हती म्हणून मी घाबरले होते, तर ती सक्तीची नाहीच, लिहिल्या क्षणी हक्क तुमचा.

चोराला नोटीस पाठवून उपयोग नसतो, त्याचा पत्ताच खोटा. तक्रार करायची ती त्याला जागा देणाऱ्याकडे. यूट्यूबचा कॉपीराइटचा फॉर्म भरला, व्हिडिओ सहाव्या दिवशी गेला. होस्टिंग कंपनीला प्रत्येक लेखाचा पत्ता, माझी ईमेल, तारखा असं सगळं लावून लेखी पाठवलं. आपल्या नियमांप्रमाणे अशी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थानं, म्हणजे मजकुराला जागा देणाऱ्यानं, ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो, पण तो एकवीस दिवसांपुरता. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा उघडता येतो. ४१ पैकी २७ लेख निघाले. उरलेले चौदा त्यांनी तिसऱ्याच पत्त्यावर हलवले, तिथे माझी तक्रार अजून चालू आहे.

पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. उशिरा केली. तीन व्यवहार तीन वेगवेगळ्या खात्यांत गेलेले, तिन्ही खाती रिकामी. फोनवरचा मुलगा सभ्य होता, "ताई, त्याच दिवशी केला असता तर खातं गोठवायचा प्रयत्न करता आला असता," एवढंच म्हणाला.

आप्पांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं माझा लेख 'कॉम्प्युटरवर' आहे.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या ग्रुपवर पुन्हा तसाच मेसेज आला. नाव नवं, बोधचिन्ह नवं, दर हजारी ४५ रुपये, आणि शुद्धलेखनाच्या चुका त्याच जागी. खाली आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी हात जोडल्याची खूण टाकली होती. मी लगेच फोन लावला आणि हे सगळं सांगितलं, गुऱ्हाळ, टीडीएस, आजोबांची अनामिका, सगळं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "पण माझे तर ४६० जमलेत की हो, आत्ताच बघितले."