कुस्तीत वजन तोडायचं की वरच्या वजनगटात खेळायचं?
नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, आणि त्यातही खालच्या वजनगटात बसायला एखादं पोर रेनकोट चढवून मैदानाला फेऱ्या मारताना दिसतं. दोन दिवसांत तीन-चार किलो उतरतात, पण ती चरबी नसते, बहुतेक पाणीच असतं. रक्त घट्ट होतं, हृदय धडधडतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. अंगाचं तापमान चढतच गेलं तर उष्माघात. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर असेच दगावले. स्पर्धेआधी काट्यावर वजन दिल्यावर ढसाढसा पाणी प्यालं की सगळं भरून येतं, हा समज खोटा आहे. विनेश फोगाट आधी ५३ किलोत खेळायची. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलोत उतरली आणि रात्रभर घाम गाळूनही अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅमनं बाद झाली.

वरच्या गटात समोरचा उंच, ताकदीनं भारी. सुरुवातीला हार पचवावी लागते, हे खरंच. पण पोटभर जेवून सराव होतो, ताकद वाढते. वजन उतरवायचंच असेल तर आठवड्याला अर्धा-पाऊण किलो, तेही महिना-दीड महिना आधीपासून. वाढत्या वयाच्या पोरांसाठी तर झटपट वजन तोडणं मी पर्याय म्हणून मोजतच नाही. वस्ताद, सकाळी पोराला लघवीचा रंग विचारा. गडद पिवळा असेल तर दोरीउड्या बंद, आधी पाणी.