बोटीच्या गाद्यांवरची बुरशी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड : पूर्ण हंगामाच्या वापरानंतर

देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी पर्यटकांना फिरवणारी आमची एक फायबरची बोट आहे. पावसाळ्यात तिच्या गाद्यांवर बसलेली बुरशी काढण्यासाठी मेडिकलच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड आम्ही सप्टेंबरपासून मेअखेरीपर्यंत, म्हणजे संपूर्ण हंगामभर, वापरले. रेक्झिनच्या पृष्ठभागावरील काळ्या-हिरव्या बुरशीवर ते उत्तम चालते आणि शिलाईत शिरलेल्या बुरशीवर बऱ्यापैकी चालते. फोममध्ये उतरलेल्या बुरशीवर मात्र त्याचा काहीही उपयोग होत नाही.

हा फरक समजण्यासाठी गादीची बांधणी पाहावी लागते. खाली प्लायवूडची फळी, तिच्यावर फोम आणि फोमवरून ओढून फळीच्या मागे पिना मारून बसवलेले रेक्झिन, अशी ती साधारणपणे असते. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मुळात कडक असते; ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात आणि त्यांपैकी काही द्रव्यांवर बुरशी पोसते. त्यात पर्यटकांच्या अंगावरचा घाम, खोबरेल तेल आणि सनस्क्रीन यांची भर पडते. पण सर्वांत मोठा त्रास मिठाचा आहे. हवेतील आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास पोहोचली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते आणि समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही पाणी धरतात. त्यामुळे खाऱ्या पाण्याने भिजलेली गादी दुपारी हाताला कोरडी लागली, तरी रात्री ती पुन्हा दमट होते. गोड्या पाण्याने न धुतलेल्या गादीवर कोणतेही औषध मारणे म्हणजे निम्मे काम सोडून देणे होय.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बाटलीवर बहुधा 20 व्हॉल्यूम असे लिहिलेले असते. ते साधारण 6 टक्क्यांचे द्रावण असते आणि त्यात तेवढेच पाणी मिसळले की कामापुरते 3 टक्क्यांचे द्रावण तयार होते. कोरड्या ब्रशने बुरशी झाडू नये, कारण तिचे बीजाणू हवेत उडून नाकात आणि शेजारच्या गाद्यांवर जातात. आम्ही तोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे घालून आधी ओल्या फडक्याने वरची बुरशी पुसून घेतो, सौम्य साबणाच्या पाण्याने गादी धुतो आणि मग द्रावण फवारून दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवतो. स्वच्छ रेक्झिनवर फारसे काही होत नाही. पण पायपिंगच्या, म्हणजे गादीच्या काठाला शिवलेल्या गोल पट्टीच्या, कडेने, जिथे शिलाईच्या भोकांत बुरशी दडलेली असते, तिथे बारीक पांढरा फेस उठतो आणि थोड्या वेळात तो करडा पडतो. कुठे घासायचे हे त्या फेसावरूनच समजते. दात घासायचा जुना मऊ ब्रश तेवढ्या कामाला पुरतो. शेवटी भरपूर गोडे पाणी ओतून गादी उभी करून वाऱ्यावर वाळवतो. निळ्या आणि लाल रेक्झिनचा रंग उतरतो का, हे आधी मागच्या कोपऱ्यावर पाहून घ्यावे. आमच्या पांढऱ्या आणि निळ्या गाद्यांना काही झाले नाही.

याआधी आमच्याकडे व्हिनेगर वापरले जात असे. नुकत्याच धरू लागलेल्या बुरशीसाठी ते आजही चांगले आहे आणि कुबट वासही त्याने कमी होतो, परंतु जुने काळे डाग त्याने फिके पडत नाहीत, कारण त्यात डाग उडवण्याचा गुण नाही. डाग उडवण्यात ब्लीचिंगच्या द्रावणाचा हात कोणी धरणार नाही, हे मान्य करावे लागेल. बंदरावर बहुतेक जण तेच वापरतात आणि पहिल्या दिवशी गादी नवीकोरी दिसते. मात्र वरचेवर वापरल्यास रेक्झिनचा वरचा संरक्षक थर खराब होतो, धागा कमजोर होतो आणि पुढच्या उन्हाळ्यात शिलाई उसवू लागते. गादीचे रेक्झिन धड आणि शिलाई मात्र गेलेली, अशा बोटी किनाऱ्यावर कितीतरी दिसतील. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बोटीच्या बंदिस्त केबिनमध्ये तो जिवावर बेतू शकतो. पेरॉक्साइडही यांपैकी कशातही मिसळायचे नाही. डाग पुसण्यासाठी हल्ली मिळणारा पांढरा मेलामाइनचा स्पंजही टाळावा, असे माझे मत आहे. तो डाग विरघळवत नाही, बारीक पॉलिश पेपरसारखा पृष्ठभाग घासून काढतो.

पेरॉक्साइडच्या तक्रारीही आहेत. उजेडात आणि उष्णतेत त्याचे विघटन होऊन नुसते पाणी उरते, म्हणून ते मूळच्या गडद बाटलीतच ठेवावे लागते आणि लागेल तेवढेच त्या-त्या वेळी पातळ करावे लागते. पारदर्शक फवारणीच्या बाटलीत भरून बोटीवर ठेवलेले द्रावण एप्रिलच्या उन्हात लवकरच निकामी होते. हाताला लागले तर कातडी पांढरी पडून चुरचुरते. शिवाय डाग जुना असेल तर एकदा लावून काम भागत नाही, दोन-तीनदा तीच मेहनत करावी लागते. लाइफजॅकेटना मात्र आम्ही ते लावत नाही. त्यांचा भगवा रंग लांबून दिसण्यासाठीच दिलेला असतो, त्यामुळे तो फिका पडण्याचा धोका पत्करण्यापेक्षा साबणाचे पाणी आणि सावलीतली हवा बरी.

आता ज्यावर काहीच चालले नाही, त्याविषयी. मागच्या लांब गादीवर गुलाबी छटेचे डाग आहेत. पुष्कळ जण त्यालाही बुरशीच समजतात आणि घासून घासून रेक्झिन खराब करतात. असे डाग बहुधा स्ट्रेप्टोमायसिस गटातील जिवाणूंमुळे पडतात. ते फोमवर किंवा रेक्झिनच्या मागच्या कापडावर वाढतात आणि त्यांनी तयार केलेला रंग पीव्हीसीतल्या तेलकट द्रव्यात विरघळून खालून वर येतो. डाग पृष्ठभागावर नसतोच, त्यामुळे वरून काहीही लावले तरी तो जात नाही. आम्ही ती गादी उघडली, तेव्हा फोम पिळण्याइतका ओला निघाला, खालच्या प्लायवूडचे पापुद्रे सुटले होते आणि साध्या लोखंडी पिना गंजून त्यांचा तांबूस ओघळ कापडात मुरला होता. अशा गादीवर औषधाचा खर्च करू नये, ती नव्याने भरून घ्यावी.

पर्यटकांच्या बोटी मेअखेरीस वर ओढल्या जातात आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा पाण्यात उतरतात. तेवढे तीन महिने गाद्या बोटीवर ठेवून वरून प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधणे हेच बुरशीचे मूळ आहे. आमच्याकडची जुनी माणसे होड्या माडाच्या झापांनी शाकारत. त्यातून पाणी गळत नसे आणि वारा मात्र खेळत राही. ताडपत्रीत पाऊस अडतो, पण आतली वाफही अडते. या वेळी गाद्या गोड्या पाण्याने धुऊन, मेच्या उन्हात फळीची बाजू वर करून पूर्ण वाळवून घरी माळ्यावर आणल्या आहेत आणि एकमेकींना न चिकटता उभ्या ठेवल्या आहेत.

मागची लांब गादी गादीवाल्याकडे दिली आहे. त्याला बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा फोम, स्टेनलेस स्टीलच्या पिना आणि पॉलिएस्टरचा धागा वापरायला सांगितले आहे, तसेच पाणी व हवा जाण्यासाठी मरीन प्लायला खालून भोके पाडायला सांगितली आहेत. असा फोम साध्या फोमपेक्षा कडक असतो, त्यामुळे लांबच्या फेरीत बसणाऱ्यांची थोडी कुरकुर होईल, हे गृहीत धरले आहे.