सिंकचं पाणी हळू जातंय: पावडर टाकायची, ट्रॅप उघडायचा की प्लंबर बोलवायचा?

दिवाळीचा फराळ झाला की आमच्या बिल्डिंगमध्ये दोन-तीन घरांत तरी किचनचं सिंक तुंबतं. पूर्ण बंद नाही होत, पण भांडी घासताना पाणी वर चढत राहतं आणि मग पाच-दहा मिनिटं हळूहळू उतरत बसतं. मग पहिला प्रश्न, दुकानातून ड्रेन साफ करायची पावडर आणू का? माझं मत सांगते, पावडर सगळ्यात शेवटी, आणि का ते खाली येईलच.

आधी एक टेस्ट करा, फुकट आहे. सिंक अर्धं भरा, एकदम सोडा आणि खाली वाकून बघा, बरोबर टॉर्च असूद्या. खालच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या ज्या जाळीत सिंकचा पाइप सोडलेला असतो तिथून, पाणी नीट जातंय पण सिंकमध्ये थांबलंय, तर अडकलेलं सिंकच्या जाळीपासून पाइपाच्या टोकापर्यंत कुठेतरी आहे, म्हणजे तुमच्या हाताच्या टप्प्यात. पण नहाणी ट्रॅपच भरून पाणी फरशीवर येतंय तर अडचण पुढच्या लाइनला आहे. आणि तुम्ही नळ उघडलेला नसताना पाणी वर येत असेल तर ते वरच्या मजल्यांचं आहे, तिथे सरळ सोसायटीला सांगा, स्वतः काही करू नका.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर सगळे सांगतात, फेस पण मस्त येतो. पण ती दोघं एकमेकांनाच संपवतात, गॅस वर निघून जातो आणि मागे खारट पाणी उरतं, तुपातेलाचा थर त्याने सुटत नाही. वास थोडा कमी होतो एवढंच. त्यापेक्षा भांड्यांचं लिक्विड ओतून वर कडक गरम पाणी बरं, मात्र उकळतं नको, पीव्हीसी पाइप नरम पडतो. आणि हे नुकतंच हळू व्हायला लागलंय तेव्हाच चालतं, कारण वितळलेलं तेल पुढे जाऊन गार झालं की परत गोठतं.

रबरी पंप चांगला आहे, पण आपल्याकडे बऱ्याच घरांत सिंकचा पाइप नहाणी ट्रॅपमध्ये नुसता सोडलेला असतो, त्यामुळे जोर लाइनला पोचतच नाही, तिथूनच बाहेर येतो. म्हणजे सिंक ते पाइपाचं टोक एवढ्यापुरताच उपयोग. डबल सिंक असेल तर दुसरं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा, सिंगल असेल तर वरचं ओव्हरफ्लोचं भोक, नाहीतर हवा तिथून निघून जाते.

आता पावडर विरुद्ध ट्रॅप (नहाणीचा नाही, सिंकच्या लगेच खालचा, जिथे पाणी आणि गाळ साठतो तो) उघडणं, खरा निर्णय हाच आहे. पावडर म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा, पाण्यात पडला की प्रचंड तापतो, तेलाचा साबण करतो, काम करतो हे खरं. पण भाताची शितं, चहाचा चोथा आणि नारळाच्या शेंड्यांचा गोळा झालाय तिथे नुसता वरून खातो, आणि पाणी पुढे गेलंच नाही तर ते जळजळीत पाणी ट्रॅपमध्ये साठून राहतं. त्यानंतर तो ट्रॅप कोणी उघडला तर ते हातावर, डोळ्यात उडू शकतं. शेजारच्या काकूंनी दोनदा पावडर टाकली, प्लंबरला सांगायचं राहिलं, त्याच्या मनगटावर भाजल्यासारखं झालं, मला आजही वाईट वाटतं. पावडर आधी टाकली की बाकीचे सगळे उपाय धोक्याचे होतात, उलट ट्रॅप आधी उघडला तर पावडरीचा पर्याय कायम राहतो. आणि तिच्यावर अॅसिड किंवा ब्लीच तर कधीच नाही, अॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन गॅस होतो.

बॉटल ट्रॅप, म्हणजे बाटलीसारखा दिसणारा ट्रॅप, असेल तर खाली बादली ठेवा, तळाचा कप हाताने फिरवा, प्लास्टिकचा असेल तर बहुतेक सहज सुटतो. आतला मेणचट गाळ जुन्या टूथब्रशने काढा. वायसर बादलीत पडून गाळासोबत फेकला जातो, ते तेवढं बघा. परत लावताना हातानेच घट्ट करा, पाणी सोडा आणि खाली कोरडा पेपर ठेवून थेंब येतोय का बघा. पितळी जुना ट्रॅप जाम असेल तर जोर लावू नका, तिथे प्लंबरच बरा.

ट्रॅपच नाही, नुसता कोरुगेटेड पाइप आहे, आणि तो मध्ये लोंबतोय, तर त्याच्या वळ्यांमध्ये तेल बसतं आणि झोळात पाणी साठतं. तो धूत बसण्यापेक्षा बदलाच, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो, आणि लांबी बघून कापा म्हणजे सरळ खाली जाईल. स्प्रिंग, म्हणजे पाइपात घालून फिरवायची लांब लवचिक तार, नहाणी ट्रॅपच्या पुढच्या लाइनसाठी उत्तम, कोरुगेटेड पाइपात मात्र घालू नका, फाटतो.

प्लंबर बोलवायचा तो फरशीवर पाणी येतंय तेव्हा, किंवा पाइप साफ करूनही फरक नाही तेव्हा. पावडर टाकली असेल तर फोनवरच सांगा, कधी टाकली ते सुद्धा, म्हणजे तो ग्लोव्हज आणि चष्मा घेऊन येईल. आणि चकलीची कढई धुवायच्या आधी जुन्या पेपरने पुसून घ्या, तो पेपर कचऱ्यात टाका.